पट्टा कॅसेटमधला की चार्जरमधला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांच्या १९९१ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, काकांच्या माळ्यावरून खाली काढलेला व्हीसीआर, ऑनलाइन मागवलेलं स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी डबी) आणि लॅपटॉप. चित्र येतं, रंग येतात, आवाजही ठीक आहे. पण एक रुंद काळपट पट्टा खालून वर सावकाश सरकत राहतो, सगळ्या चित्रावर बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसते, मधूनच पांढऱ्या रेघा चमकून जातात आणि चित्राची वरची कड उजवीकडे वाकते. दुकानदार म्हणाला, कॅसेट गेली. तुम्ही कॅप्चर बदलून पाहिलंत, काही फरक पडला नाही. आता तिसरं, महागातलं घ्यावं का?

घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.

तुम्ही ही एकच तक्रार म्हणून लिहिली आहे, पण माझ्या हिशेबाने यात चार तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या दारांनी आत आल्या आहेत. पट्टा बहुतेक विजेतून आलाय, तिरक्या रेघा वायरीतून, पांढऱ्या रेघा कॅसेटमधून किंवा हेडवरून, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या टोकांवरून. वरची वाकलेली कड हा तर अडथळाच नाही, तो वेगळाच प्रकार आहे. नवं कॅप्चर घेऊन यातलं फार तर एखादं दुखणं कमी होईल. मी १९८८ पासून व्हीसीआर दुरुस्त करतो आणि आता कॅसेटी संगणकावर उतरवून देणं हेच मुख्य काम झालंय. ‘कॅसेट गेली’ असं सांगून माझ्याकडे आणलेल्या कॅसेटींपैकी खरोखर गेलेल्या फार थोड्या निघाल्या. अर्थात तुमचं घर, तुमचं वायरिंग आणि तुमचा व्हीसीआर मी पाहिलेला नाही. त्यामुळे ‘हेच आहे’ असं छातीठोक सांगणार नाही, कसं शोधायचं ते सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी करा. कॅसेटच्या पाठीवर, लेबल लावतात त्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी चकती असते. ती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने आजच मोडून टाका. ती असेपर्यंत त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ शकतं. माळ्यावरच्या व्हीसीआरचं कुठलं बटण चिकटलेलं असेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे लग्नाची कॅसेट बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग एखाद्या टाकाऊ कॅसेटवर करा. जुन्या सिनेमाची असो, कुणाच्या बारशाची असो, जी गेली तरी कुणी रडणार नाही अशी. जुनी टेप प्रत्येक वेळी हेडवरून जाताना थोडी झिजते. तुम्ही पट्टा शोधायला दहा वेळा मंगलाष्टकं लावलीत तर दहा वेळची झीज मंगलाष्टकांच्याच वाट्याला येईल.

आता पहिली चाचणी. यात कॅसेट लागतच नाही. व्हीसीआर कॅप्चरला जोडा, लॅपटॉपवर चित्र उघडा आणि व्हीसीआर नुसता चालू करून ठेवा. नंतरच्या काळातल्या बऱ्याच व्हीसीआरना कॅसेट नसताना निळा पडदा येतो. तुमच्याला येत नसेल तर इनपुट ‘एव्ही’वर टाका, तिथे काही जोडू नका, साधा काळा पडदा मिळेल. पाच मिनिटं त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसा. पट्टा तिथेही सरकताना दिसला तर कॅसेटचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, कारण कॅसेट आत नाहीच. तिरक्या रेघांचंही तसंच. कोऱ्या पडद्यावर त्या लग्नाच्या गर्दीपेक्षा जास्त स्वच्छ दिसतात. पडदा अगदी निर्मळ असेल तर मात्र दोष टेपमध्ये किंवा व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागात शोधायचा. मग टाकाऊ कॅसेट घाला. तीही निर्मळ दिसली तर पट्टा तुमच्या लग्नाच्या कॅसेटमध्येच छापलेला आहे. त्यावर शेवटी येतो.

पट्ट्याकडे नीट बघा, कारण पट्टे दोन जातींचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक असतो ट्रॅकिंगचा पट्टा, हेड टेपवरच्या चित्ररेघांवर नीट बसलं नाही की येणारा. त्यात मुंग्या असतात, चित्र फाटलेलं असतं आणि ट्रॅकिंगचं बटण दाबलं की तो वरखाली पळतो किंवा निघून जातो. दुसरा असतो विजेचा पट्टा. तो नुसती सावली असल्यासारखा असतो, त्याच्यामागचं चित्र शाबूत दिसतं, फक्त काळवंडतं, आणि ट्रॅकिंगला तो दाद देत नाही. तुम्ही ‘काळपट’ म्हणताय आणि मुंग्यांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून माझा संशय दुसऱ्यावर.

तो का सरकतो, हे समजलं तर उपायही लवकर समजतो. आपल्याकडची टीव्ही-व्हीसीआरच्या चित्राची पाल (PAL) पद्धत सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवते आणि घरातली वीजही सेकंदाला ५० वेळा हेलकावते. विजेचा हेलकावा चित्रात शिरला तर प्रत्येक पडद्यावर एकच सावली पडते, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे असल्याने ती जवळपास एकाच जागी राहते. जवळपास म्हणायचं कारण आपल्या ग्रिडची वीज नेमकी ५० हर्ट्झवर उभी नसते, तिची ठरवून दिलेली मर्यादाच ४९.९० ते ५०.०५ आहे. वीज ४९.९५ वर असेल तर फरक ०.०५ चा, म्हणजे पट्ट्याची एक फेरी २० सेकंदांची. लोड बदलला की पट्टा थबकतो, कधी उलटाही फिरतो. सकाळी वर चढणारा पट्टा संध्याकाळी खाली उतरताना दिसला तर घाबरू नका, उलट खूण पटली म्हणा. पट्टे दोन दिसत असतील तर मात्र तो १०० हर्ट्झचा प्रकार आहे. तिथे संशय व्हीसीआरच्या पॉवर सप्लायमधल्या थकलेल्या फिल्टर कंडेन्सरवर जातो. तो बदलणं दुरुस्तीवाल्याचं काम आहे. झाकण उघडून सप्लायमध्ये स्वतः बोटं घालू नका, प्लग काढल्यावरही काही सप्लायमध्ये झटका शिल्लक असतो.

तुमचा एकच पट्टा आहे असं धरून चालतो. इचलकरंजीचे एक गृहस्थ असाच पट्टा घेऊन माझ्याकडे आले होते. व्हीसीआर, कॅप्चर, लॅपटॉप, सगळं पिशवीत भरून. माझ्या टेबलावर जोडलं तर पट्टा नाही! ते खजील झाले, मीही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लॅपटॉप पुढे केला, मी त्याच्या पत्र्याच्या कडेवरून उलटं बोट फिरवलं तर बारीक करवत लागल्यासारख्या मुंग्या आल्या. तिथेच उत्तर होतं. चार्जर तीन पिनांचा, पण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. जुनं घर, अर्थिंग कधी ओढलंच नव्हतं. शिवाय व्हीसीआरच्या अँटेनाच्या भोकात डिशची वायर खोचलेली, सवय म्हणून.

यात होतं असं. चार्जरच्या आत फिल्टरचे छोटे कंडेन्सर असतात. ते विजेच्या दोन्ही वायरींमधून थोडा प्रवाह अर्थिंगच्या पिनेकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपचं अंग जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. प्रवाह नगण्य, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण त्याला जमिनीत जायला वाट हवीच असते. ती त्याला मिळते यूएसबीतून कॅप्चरमध्ये, तिथून चित्राच्या पिवळ्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून व्हीसीआरमध्ये आणि पुढे डिशच्या वायरने गच्चीवर. चित्राचा सिग्नलही परतीला तीच जाळी वापरतो. एका पायवाटेवर दोघं आले की एकाची सावली दुसऱ्यावर पडणारच.

त्यामुळे तुमची दुसरी चाचणी फुकटातली आहे. निळा पडदा चालू असताना लॅपटॉपचा चार्जर उपटा. पट्टा गेला? मग तिसरं कॅप्चर घ्यायचे पैसे वाचले. कॅसेट बॅटरीवर उतरवा, तीन तासांची असेल तर दोन हप्त्यांत. बॅटरी मेलेली असेल, आणि जुन्या लॅपटॉपची ती असतेच, तर व्हीसीआरची अँटेना किंवा डिशची वायर काढा, व्हीसीआर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा आणि तो बोर्ड खरं अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या किंवा गीझरच्या सॉकेटला तरी अर्थिंग दिलेलं असतं. माझ्या त्या गृहस्थांचं लग्न शेवटी ओट्यावर उतरलं, मिक्सर आणि डब्यांच्या मधोमध. एवढं करूनही पट्टा थोडा उरला तर सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्याकडे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे जाळीतून फिरणारा हा प्रवाह अडवणारी डबी, मिळतो, तो पिवळ्या वायरच्या मधे बसतो. मी तो शेवटचा उपाय मानतो, कारण स्वस्तातला असेल तर चित्राची धार थोडी खातो. चार्जरची अर्थिंगची पिन मोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून पट्टा घालवणारे महाभाग मी पाहिलेत. पट्टा जातो हे खरं, पण ते करू नका. ती पिन चित्रासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

तिरक्या रेघांची जाळी हा जरा जास्त वारंवारतेचा उपद्रव. हल्लीचे सगळे अॅडॉप्टर, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि तो गोंगाट हवेतून आणि वायरीतून पसरतो. तो पकडण्यासाठी सगळ्यात उत्तम अँटेना कुठली, तर कॅप्चरसोबत खोक्यात येणारी दोरीसारखी बारीक पिवळी वायर. तिच्या आत जाळी नावापुरतीच असते. काही ठिकाणी तर लोक आवाजाची लाल-पांढरी वायरच पिवळ्यात खोचतात. चित्राला ७५ ओहमची वायर लागते. आरजी-५९ ची मीटरभर वायर घ्या, दोन्ही टोकांना आरसीए पिना डाखवून घ्या, सीसीटीव्हीवाला दहा मिनिटांत करून देतो. कॅप्चर थेट लॅपटॉपच्या बुडाशी न खोचता हातभर यूएसबी एक्स्टेंशनवर लांब ठेवा. मोबाइल आणि त्याचा चार्जर दुसऱ्या खोलीत. मग घरातले दिवे आणि पंखे एकेक बंद करत पडद्याकडे बघा. कंटाळवाणं आहे, पण घरातलं कुणी स्विचजवळ उभं केलं तर पाच मिनिटांत होतं.

पंख्यावरून आठवलं. माझ्याच दुकानात एकदा निळ्या पडद्यावर दोन आडव्या ओळींत ठिपके चमकायचे, ते पण फक्त दुपारी. चार दिवस मी व्हीसीआर खोलत होतो. शेवटी लक्षात आलं की दुपारी उकडायला लागलं की पोरगा पंख्याचा रेग्युलेटर अर्ध्यावर आणायचा. गोल गुळगुळीत फिरणारा, जुन्या पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक हेलकाव्यात दोनदा लाट कापतो, म्हणून पडद्यावर दोन ओळी. पंखा पूर्ण वेगात किंवा पूर्ण बंद केला की ठिपके गायब. टकटक करत पायऱ्यांनी फिरणारे कंडेन्सरवाले रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. घरातल्या इन्व्हर्टरचंही तेच. लाइट गेलेली असताना, विशेषतः साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर, कॅसेट उतरवू नका.

आता पांढऱ्या रेघा. टाकाऊ कॅसेटचा एक मिनिटाचा तुकडा दोनदा लावून बघा. रेघ दोन्ही वेळा त्याच प्रसंगात, त्याच जागी आली तर तिथे टेपवरचा चुंबकीय थर उडालेला आहे. ते भरून येत नाही. दर वेळी नव्या जागी आली किंवा सगळ्या चित्रावर मुंग्या दाटल्या तर हेडवर घाण आहे. व्हीसीआरमधलं, हेड बसवलेलं ढोल ६२ मिलिमीटर व्यासाचं असतं, पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेऱ्या मारतं, आणि टेपवरची एकेक चित्ररेघ ४९ मायक्रॉन रुंद असते. केसाइतकी जागाही तिथे मोकळी नसते, त्यामुळे धुळीचा कणही पुरतो. प्लग काढा, झाकण उघडा, सप्लायच्या भागापासून हात लांब ठेवा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये साध्या कोऱ्या कागदाची पट्टी भिजवा, ती ढोलावर हलकेच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने ढोल वरून फिरवा. कागद वरखाली घासायचा नाही, हेडची टोकं तुटतात. कानातल्या कापसाच्या काड्या नकोत, धागा अडकला की हेड सोबत घेऊन येतो. ढोलाला बोट लावू नका आणि पुरतं वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका.

पण लग्नाची कॅसेट घालण्याआधी तिच्या खिडकीतून रिळाकडे बघा. टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का? ती बुरशी. कोकणातून, मुंबईतून येणाऱ्या कॅसेटींत मला ती सर्रास दिसते, चार महिने दमट हवा आणि वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. अशी कॅसेट चालत्या व्हीसीआरमध्ये घालू नका. मी एकदा घाईत घातली. गिऱ्हाईक समोर बसलं होतं, मोह झाला. ती कॅसेट तर उतरलीच नाही, वर ढोल, रोलर, सगळं बरबटलं आणि पुढच्या माणसाच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागली. बुरशी आधी साफ करावी लागते, आणि ते हाताने होणारं, वेळखाऊ काम आहे. घरी शिकायला तुमच्या आई-वडिलांचं लग्न वापरू नका, करणाऱ्याकडे द्या. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून मग लावा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप जरा मोकळी होते.

उरली वाकलेली वरची कड. तिला अर्थिंगचं औषध नाही. टेप ताणली गेली की प्रत्येक ओळ किंचित उशिरा किंवा लवकर पोचते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे पोटात घालायचा, संगणकाचं कॅप्चर घालत नाही. म्हणून ‘टीव्हीवर सरळ दिसतं, लॅपटॉपवर वाकडं’ ही तक्रार खरी असते आणि त्यात कॅप्चरवाल्याने फसवलेलं नसतं. ओळी पुन्हा वेळेवर आणणाऱ्या यंत्राला टीबीसी म्हणतात. खरा टीबीसी महाग आणि दुर्मिळ. आम्ही धंद्यातले लोक गरिबाचा टीबीसी म्हणून पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर वापरतो. व्हीसीआर त्यात, तो कॅप्चरमध्ये, डिस्क वगैरे काही घालायची नाही, चित्र नुसतं त्यातून पार करायचं. वरची कड बहुतेक वेळा सरळ होते. बदल्यात चेहऱ्यावरच्या सावल्यांतले बारीक फरक थोडे सपाट होतात. मला विचाराल तर वाकडं चित्र पाहण्यापेक्षा ते बरं. सगळेच डीव्हीडी रेकॉर्डर हे काम करतात असं नाही, आधी कुणाकडून उसना आणून पाहा. पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला, तिसऱ्या कॅप्चरमध्ये नको.

दोन गोष्टी दोष नसून दोष वाटतात. चित्राच्या अगदी तळाला काही ओळी फाटलेल्या दिसतात, तो एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातानाचा सांधा आहे. टीव्हीच्या चौकटीत तो झाकलेला असायचा. काळी पट्टी लावून झाका. आणि हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, कारण पाल चित्र दोन अर्ध्यांनी बनतं. ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात. मात्र उतरवताना ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे ते दोन अर्धे तसेच ठेवून), आणि हफवायूव्हीसारख्या कोणताही तपशील न टाकणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र साठवायच्या पद्धतीत, घ्या. तासाला सुमारे ३५ जीबी लागतील. थेट एमपी४ केलंत तर उरलेल्या मुंग्यांची लापशी होते आणि ती मागे फिरवता येत नाही.

म्हणजे क्रम असा: चकती मोडा, कॅसेट बाजूला ठेवा, निळा पडदा लावा, चार्जर उपटा, डिशची वायर काढा, पिवळी वायर बदला, हेड पुसा, खिडकीतून बुरशी बघा, मग लग्न लावा. वरची कड तरीही वाकली तर ईएस१० शोधा.

हे सगळं करूनही पट्टा फक्त लग्नाच्या कॅसेटवरच दिसला, बाकी सगळं स्वच्छ, तर तो त्या काळातच छापला गेलाय. तेव्हा मास्टर कॅसेट शूटिंगवाल्याकडे राहायची आणि दोन व्हीसीआर जोडून घरच्यांना प्रती काढून मिळायच्या. त्याच्या टेबलावरही अर्थिंगची बोंब असायचीच, आणि डबिंग करताना पट्टा प्रतीत उतरायचा. तो आता कुठल्याही वायरीने निघणार नाही. पण प्रती सहसा दोन निघायच्या, एक मुलाकडच्यांना आणि एक मुलीकडच्यांना, आणि दोन्ही एकाच बैठकीत, एकाच व्हीसीआरवर काढलेल्या असतीलच असं नाही. शिवाय मुलाकडची कॅसेट वर्षभर येईल त्या पाहुण्याला दाखवली जायची, मुलीकडची बहुतेक कपाटात पडून राहायची. तुमच्या मामांना फोन करा. कॅसेट सापडली तर तिचीही चकती आधी मोडायला सांगा.